आमच्या घरची शाळा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. आणि सुशिक्षित घरांतून ती मोठ्या कौतुकाने उच्चारली जाते. मूल बोबडे बोल बोलू लागले न लागले तोच आजी त्यास स्तोत्रे शिकविते, आजोबा पाढे म्हणवून घेतात, आणि आल्यागेल्या पाहुण्यांसमोर त्या चिमुकल्या पांडित्याचे प्रदर्शन होते. म्हणीतले पाय दोन आहेत, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या घरी जे मूल आहे त्याचे दोन्ही पाय पाळण्यातच दिसले. एक वाऱ्यासारखा पुढे धावणारा व दुसरा पावलोपावली अडखळणारा. अशा मुलाचे शिक्षण आम्ही उभयतांनी गेली दोन वर्षे घरीच चालविले आहे. परिचयातील अनेक कुटुंबांनी त्याविषयी पृच्छा केली. काहींनी कौतुक केले, काहींनी काळजी व्यक्त केली, तर काहींनी स्पष्ट नापसंती दर्शविली. त्या सर्वांस एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, आणि ज्यांच्या घरी असेच मूल असेल त्यांस आमच्या अनुभवाचा थोडाफार उपयोग व्हावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आमचे वास्तव्य डोंबिवलीजवळ कोपर येथे आहे. चिरंजीवास आता आठवे वर्ष लागले. अडीच वर्षांचा असताना तो स्थानकांवरील पाट्या वाचू लागला. त्यास कोणी अक्षरओळख करून दिली नव्हती. कडेवर बसून जाता-येता त्याने ती आपली आपणच करून घेतली. चौथ्या वर्षी तो वर्तमानपत्राचे मथळे खडखडीत वाची. पाचव्या वर्षी तिसापर्यंतचे पाढे मुखोद्गत झाले, तेव्हा आमच्या मातोश्रींनी आपल्या लहानपणीची पावकी, निमकी व दिडकी बाहेर काढली. तीही त्याने चार-आठ दिवसांत आत्मसात केली. कोणतीही तारीख सांगावी आणि त्याने क्षणार्धात वार सांगावा, हा तर त्याचा नित्याचा खेळ.

परंतु त्याच वयात तो स्वतःस ‘मी’ म्हणत नसे. ‘तुला पाणी हवे का?’ असे विचारले असता तोही तेच शब्द, त्याच स्वरात, आम्हांस परत करी. हाक मारली तर वळून पाहत नसे. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून पलंगाखाली जाई. पानातील भातास आमटीचा ओघळ लागला तर जेवण टाकून उठे. नेहमीचा रस्ता बंद असल्यामुळे दुसऱ्या रस्त्याने नेले, तर भर रस्त्यात लोळण घेई. एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणणाऱ्या या मुलास सदऱ्याचे बटण लावता येत नसे, आणि पेन्सिल हाती दिली की ती दोन रेघांनंतर गळून पडे.

या दोन चित्रांपैकी ज्यास जे दिसले त्याने तेच खरे मानले. आप्तेष्टांस बुद्धी दिसली. ते म्हणाले, ‘एवढा हुशार मुलगा! बाकीचे सारे वयाबरोबर सुधारेल.’ शेजाऱ्यांस रस्त्यावरची लोळण दिसली. ते म्हणाले, ‘एकुलता एक, लाडावून ठेवला आहे.’ दोन्ही मतांचा परिणाम एकच, तो म्हणजे मुलास मदत न मिळणे. त्यातही पहिले मत अधिक घातक असे आम्हांस वाटते, कारण ते गोड आहे. आपल्या वर्गात बुद्धीची पूजा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. पाठांतर चांगले असले की मुलाचे सारे दोष झाकले जातात, आणि जे मूल दुःखाने कान दाबून बसले आहे त्याच्याकडून पाहुण्यांसाठी आणखी एक स्तोत्र म्हणवून घेतले जाते.

मुलांच्या वाढीचा विशेष अभ्यास केलेल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्यास नीट पाहिले, आमच्याशी दोन बैठका केल्या व निदान सांगितले. मुलास स्वमग्नता आहे, आणि हातांच्या बारीक हालचालींचा मेळ बसण्यातही अडचण आहे. स्वमग्नता हा काही आजकालचा शोध नव्हे. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली व व्हिएन्नात डॉ. हान्स आस्पर्गर यांनी १९४४ साली अशा मुलांची तपशीलवार वर्णने प्रसिद्ध केली. आस्पर्गर यांच्या मुलांपैकी काही आपल्या आवडत्या विषयावर एखाद्या प्राध्यापकासारखी बोलत, आणि तरीही नित्याच्या साध्या व्यवहारात त्यांची तारांबळ उडे. बुद्धी आणि अडचण एकाच मुलात सुखाने नांदू शकतात, ही गोष्ट जगास इतकी वर्षे ठाऊक आहे. घरोघरी मात्र ती अद्याप पोहोचलेली नाही.

पुढे बुद्धिमापनाची चाचणी झाली. या चाचण्यांचा आपल्या प्रांताशी जुना संबंध आहे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केलेली चाचणी अमेरिकेतून हिंदुस्थानात आली आणि डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बेतली. ‘बिने-कामत’ हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांस आजही परिचित आहे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. बिने यांनी ती चाचणी रचली ती शाळेत ज्यांस अधिक साहाय्य लागेल अशी मुले हुडकून काढण्यासाठी. हुशार मुलांच्या गळ्यात माळ घालण्याचा उद्योग मागाहून सुरू झाला. बुद्ध्यंक म्हटला की आपल्या घरांतून पेढे वाटण्याची भाषा सुरू होते, म्हणून हे मूळ लक्षात ठेवणे बरे.

आमच्या चिरंजीवाच्या चाचणीत काही भागांचे गुण फारच वर गेले व काहींचे फारच खाली राहिले. सर्वांची सरासरी काढली तेव्हा एक बरासा आकडा आला, आणि मानसशास्त्रज्ञांनीच आम्हांस बजावले की, या आकड्याचा उपयोग करू नका. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ आम्हांस आमच्या कोपर स्थानकाने समजाविला. हे स्थानक दोन पातळ्यांवर वसलेले आहे. खालच्या फलाटांवर मुंबईकडील व कल्याणकडील लोकल गाड्या थांबतात, तर वरच्या अंगास दिवा-वसई मार्गाची गाडी येते. एखाद्या गणितज्ञाने दोन्ही फलाटांच्या उंचीची सरासरी काढली व तो नेमका मध्यावर, जिन्याच्या पायरीवर उभा राहिला, तर त्यास ना खालची गाडी मिळेल ना वरची. आमच्या मुलास सरासरी वयाच्या सरासरी वर्गात बसविणे म्हणजे त्यास या पायरीवर उभे करणे होय. गणितासाठी त्यास वर जावे लागते, बटणासाठी खाली यावे लागते. आणि दोन्ही खेपा एकाच दिवसात व्हाव्या लागतात.

शाळेचा अनुभव आम्ही घेतला, तो थोडक्यात सांगतो. पहिल्या शाळेत पन्नासांवर मुले एका वर्गात होती. घंटा झाली की आमचा मुलगा बाकाखाली जाई, व बाकाखालून बाहेर येईपर्यंत पुढची घंटा होई. तोंडी विचारलेली बेरीज तो उत्तरासह सांगे, परंतु वहीत काहीच उतरत नसे, म्हणून प्रगतिपुस्तकात शून्यच पडे. बाई मायाळू होत्या. पण पन्नासांच्या मेळ्यात एकट्याची वास्तपुस्त त्यांनी किती घ्यावी? दुसरी शाळा विशेष मुलांसाठीच होती. तेथे आवाज कमी होता, माणसे धीराची होती, हातांस वळण लावण्याची साधने होती. परंतु अंकगणितात एक ते वीस एवढाच मजकूर वर्षभरासाठी नेमलेला होता. मूळ संख्या म्हणजे काय हे ज्यास कळले आहे, त्याने वीस मण्यांची माळ वर्षभर ओवावी, हे आमच्या मनास पटले नाही. एका शाळेत त्याच्या अडचणीस जागा नव्हती व दुसरीत त्याच्या बुद्धीस. तेव्हा आम्ही कोपरच्याच रहिवाशांना शोभेल अशा रीतीने दोन्हींस कोपरापासून नमस्कार केला व पाट्या-पुस्तके घरी आणली.

घरी शिक्षण देणे ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाही. लोकमान्य टिळकांचे आरंभीचे शिक्षण त्यांच्या वडिलांच्या हाताखालीच झाले. पंडिता रमाबाई आपल्या मातोश्रींपाशी संस्कृत शिकल्या. रमाबाई रानडे यांस न्यायमूर्तींनी घरीच लिहावयास वाचावयास शिकविले. आमच्या शेजारचे कल्याण तर आनंदीबाई जोशी यांचे माहेर. त्यांचा जन्म १८६५ सालचा. डाकखात्यात नोकरीस असलेले त्यांचे पती गोपाळराव हेच त्यांचे पहिले शिक्षक, आणि त्या विद्येच्या बळावर त्यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळविली. हे उदाहरण आम्हांस उत्साहही देते व धाकही दाखविते. कारण अभ्यास चुकला म्हणून गोपाळरावांनी त्यांस मारल्याचेही त्यांच्या चरित्रातून वाचावयास मिळते. घर म्हटले की तेथे आपोआप माया नांदते असे नाही. शाळेतील गुरुजींची छडी सुट्टीपुरती तरी थांबते. घरच्या गुरूच्या अपेक्षेस सुट्टी नसते. म्हणून आमच्या घरी एक नियम आहे. सायंकाळी सहानंतर आम्ही त्यास एकही प्रश्न विचारीत नाही. त्यानंतर आम्ही केवळ त्याचे आईबाप.

याहूनही जवळचे उदाहरण ताराबाई मोडक यांचे. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांत काम केले. हा सर्व मुलूख तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात गेला. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांमागोमाग ती कुरणातही गेली. त्या शाळेस त्या ‘कुरणशाळा’ म्हणत. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने चालत मुलाकडे जावे, हे तत्त्व एकदा मान्य केले म्हणजे आमच्या घरची शाळा फारशी विचित्र वाटणार नाही.

आता या शाळेचा दिनक्रम. भिंतीवर रेल्वेच्या वेळापत्रकासारखा एक तक्ता लावला आहे. सात वाजून दहा मिनिटांनी दूध, सात पस्तीसला स्नान, आठ पाचला न्याहारी, आणि याप्रमाणे रात्रीपर्यंत. एखादी गोष्ट लांबणीवर पडणार असेल तर तक्त्यावर ‘गाडी उशिराने धावत आहे’ अशी चिठ्ठी लावतो. दिवस अकस्मात बदलला तर ज्याचा आकांत होई, तोच मुलगा ही चिठ्ठी वाचून शांतपणे वाट पाहतो. रेल्वे हे त्याचे वेड. आम्ही त्या वेडाचेच पाठ्यपुस्तक केले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, सुमारे ३४ किलोमीटरांचे अंतर तिने तोडले. पुढल्याच वर्षी रूळ कल्याणास पोहोचले. यातून इतिहास झाला. खाडी, पूल व पारसिकचा बोगदा यांतून भूगोल झाला.

गणित तर पदोपदी. पहिल्या गाडीस १४ डबे होते व ४०० पाहुणे तीत बसले, असे त्यास सांगितले. प्रत्येक डब्यात किती माणसे, हे त्याने तत्काळ काढले. अठ्ठावीस आले आणि आठ उरले. त्या आठांनी त्यास बेचैन केले. ‘आठ माणसे कोठे बसली?’ असे तो दिवसभर विचारीत राहिला. अपूर्णांकाने त्याचे समाधान होईना, कारण माणसाचे सातवे हिस्से होत नाहीत, हे त्याचे म्हणणे अगदी रास्त होते. शेवटी त्यास लोकलमध्ये नेऊन ‘चौथी सीट’ दाखविली. तिघांच्या बाकावर चौथा माणूस ‘जरा सरका’ म्हणतो आणि तिघे सरकून त्यास जागा देतात, हा डोंबिवलीकरांचा शिष्टाचार त्याने बारकाईने पाहिला. घरी आल्यावर त्याने आठ डब्यांत एकेक चौथी सीट वाढवून दिली, आणि तेव्हा कोठे रात्री त्यास झोप लागली. भागाकाराचा हा पाठ बाकीच्या मुलांस पुस्तकातून मिळतो. परंतु उरलेल्यांसाठी बाकीच्यांनी सरकावयाचे असते, ही गोष्ट त्यास त्या दिवशी प्रथमच समजली असे आम्हांस वाटते.

हातांचे शिक्षण स्वयंपाकघरात चालते. व्यवसायोपचार करणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे आठवड्यातून तीन वेळा जावे लागते. बोटांस बळ यावे म्हणून त्यांनी जे व्यायाम सांगितले, त्यांतील निम्मे आमच्या मातोश्रींस आधीच येत होते. कणीक मळणे, मोड आलेले वाल सोलणे, समईसाठी वाती वळणे, रांगोळीचे ठिपके काढणे. या प्रत्येक कामात अंगठा व तर्जनी यांची चिमूट लागते. वालाची साल एका चिमटीत निघाली की त्यास आनंद होतो, आणि तो किती सोलले ते मोजीत जातो. दीड वर्षाने वरचे एक बटण त्याचे त्यास लावता येऊ लागले. लेखनाविषयी तज्ज्ञांनी सुचविले की, विचार आणि अक्षर यांस एकमेकांच्या गळ्यात बांधू नका. म्हणून गणिते तो तोंडी सांगतो अथवा टंकफलकावर लिहितो, आणि हाताने लिहिण्याचा सराव निराळा, दिवसातून दहा मिनिटे, मोठ्या फळ्यावर खडूने करतो. अक्षर वाईट म्हणून विचार खुंटावा, हा अन्याय त्यामुळे टळला.

कुकरच्या शिट्टीचाही उपाय निघाला. प्रथम कान झाकणारी जाड टोपणे आणली. नंतर ‘तीन शिट्ट्या होतील’ असे आधी सांगण्याचा परिपाठ ठेवला. जे मोजता येते त्याचे भय त्यास कमी वाटते. आता तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून शिट्ट्या मोजतो व तिसरीनंतर गॅस बंद करावयास आजीस बजावतो. गणपतीतील ढोलताशे मात्र अद्याप सोसत नाहीत. त्या दिवसांत आम्ही सायंकाळी खाडीच्या बाजूस फिरावयास जातो.

हे सर्व सुखासुखी होते असे कोणी समजू नये. आमच्यापैकी एकास मुंबईतील नोकरी सोडावी लागली. संसार एका पगारावर आला व उपचारांचा खर्च वाढला. दुपारी दोनच्या सुमारास, जेव्हा तोच प्रश्न तो एकोणिसाव्यांदा विचारतो, तेव्हा धीर सुटण्याचे क्षण येतात. अशा वेळी दुसऱ्याने यावे व पहिल्याने गच्चीत जावे, असा आमचा संकेत आहे. ज्या घरी मदतीस दुसरे माणूस नाही, अथवा ज्यांस एक पगार सोडणे शक्य नाही, त्यांनी आमचे अनुकरण न केल्यास त्यांच्या मायेत काही उणे आहे असे मुळीच नाही. चांगली, लहान वर्गाची, समजूतदार शाळा मिळाली तर आम्ही उद्यासुद्धा मुलास तेथे पाठवू.

हितचिंतक आमच्या समाधानासाठी मालविका जोशी हिचे नाव घेतात. मुंबईच्या या मुलीस तिच्या आईने, सुप्रिया जोशी यांनी, सातवीत शाळेतून काढून घरी शिकविले. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य व एक कांस्य अशी तीन पदके मिळविली, आणि २०१६ साली, सतराव्या वर्षी, तिला अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेत प्रवेश मिळाला. तिचे व तिच्या आईचे जितके अभिनंदन करावे तितके थोडे. परंतु बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आय.आय.टी.ची दारे तिला बंद होती, ही त्या कथेची दुसरी बाजू लोक विसरतात. घरी शिकविणाऱ्यांनी परीक्षेचा विचार वेळीच करून ठेवावा, हा तिच्यातील व्यावहारिक बोध.

कायद्याची माहितीही करून घ्यावी. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, व मुलास शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. परंतु त्यासाठी पालकांस शिक्षा सांगितलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र वा एकाहून अधिक अपंगत्वे असलेल्या बालकांस घरी राहून शिकण्याचा पर्याय स्पष्टपणे मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि चाळीस टक्के वा अधिक प्रमाण दाखविणारे प्रमाणपत्र असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मागता येते. हे प्रमाणपत्र काढण्यास पुष्कळ पालक लाजतात. मुलाच्या नावापुढे डाग लागेल असे त्यांस वाटते. वास्तविक परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळण्याची वाट या कागदावरूनच जाते. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीस चौदाव्या वर्षानंतर बसता येते, आणि विषय एकेक करून पुरे करता येतात. आमच्या मुलासाठी आम्ही सध्या तीच वाट डोळ्यांपुढे ठेवली आहे.

‘सोबत्यांचे काय?’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, व तो आम्ही सर्वांत गंभीरपणे घेतो. पन्नास मुलांच्या गर्दीत बाकाखाली बसलेल्या मुलास सोबत होती असे म्हणता येत नाही. परंतु घरात चार भिंतींत ठेवलेल्यास ती आपोआप लाभेल असेही नाही. म्हणून आठवड्यातून तीन सायंकाळी आमच्या इमारतीतील तीन मुले आमच्याकडे पत्ते व बुद्धिबळ खेळावयास येतात. खेळात नियम असतात, पाळी असते, कोणी केव्हा बोलावे हे ठरलेले असते. त्यामुळे त्यास तेथे वावरणे सोपे जाते. त्या तिघांस आम्ही एकदाच समजाविले की, हा उत्तर द्यावयास वेळ घेतो, त्यास थांबून राहा. मुले थांबतात. थोर माणसांपेक्षा त्यांस ते अधिक सहज जमते. शनिवारी वाचनालयात नेतो, तेथे पुस्तक बदलण्याचे सर्व बोलणे त्याने स्वतः करावयाचे असते.

आता मुंजीविषयी. आठवे वर्ष लागताच नातलगांची विचारणा सुरू झाली. मंडप, वाजंत्री, धूर, शेदोनशे माणसे हे सारे त्यास असह्य झाले असते. म्हणून गेल्या वैशाखात घरातच, पंधरा माणसांत, मुंज उरकली. केस आधीच घरी हळूहळू कात्रीने कापले. संध्येतील सर्व मंत्र त्यास महिनाभर आधीच पाठ होते, व ते त्याने गुरुजींपेक्षाही झपाट्याने म्हटले. सर्वांनी वाहवा केली. परंतु भिक्षावळीची वेळ आली आणि तो थबकला. मंत्र म्हणणे त्याच्या हातचे होते. दुसऱ्या माणसाकडे पाहून, झोळी पुढे करून, मागणे हे त्यास नवे होते. तो भिंतीकडे तोंड करून भिक्षेचे शब्द म्हणू लागला. कोणी घाई केली नाही. त्याची आई भिंतीच्या बाजूस जाऊन उभी राहिली, मग मावशी, मग आत्या. पाचव्या वेळी त्याची दृष्टी भिंतीवरून देणाऱ्या हातावर आली.

त्या दिवशी आम्हांस या जुन्या संस्काराचा एक अर्थ नव्याने उमगला. विद्येस आरंभ करणाऱ्या बटूस पूर्वजांनी पहिला धडा मागण्याचा घातला. कितीही बुद्धिमान असला तरी त्याने दारोदार उभे राहून म्हणावयाचे की, मला हवे आहे, मला द्या. बुद्धिमंतांच्या घरांत मागणे कमीपणाचे मानले जाते. मुलाने सर्व स्वतः करावे, कोणापुढे हात पसरू नये, असे आपण शिकवितो. आमच्या मुलास मात्र पाण्याचा पेला मागता येणे, दुखते ते सांगता येणे, गर्दीत ‘जरा थांबा’ म्हणता येणे, हीच खरी विद्या आहे. कारण आमच्या पश्चात त्याच्या उपयोगी पडावयाची ती हीच. गणित त्यास कोणीही शिकवील, किंबहुना कोणी न शिकविता तो शिकेल.

मुंजीनंतर कित्येक दिवस तो खांद्यावर झोळी टाकून घरभर हिंडे. झोळी खांद्यावर असली की त्यास मागता येई. ‘आजी, ताक दे,’ ‘काकू, तुमच्याकडचे कॅलेंडर दाखवा.’ ज्येष्ठात एके दिवशी झोळी धुवून दोरीवर वाळत घातली होती. त्यास तहान लागली. तो दोरीखाली बराच वेळ उभा राहिला, आणि नंतर आत येऊन म्हणाला, ‘मला पाणी हवे.’ आजवर त्यास मिळालेली सारी शाबासकी एकीकडे व ते तीन शब्द एकीकडे.

ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांस आमची इतकीच विनंती आहे. त्याच्या बुद्धीचे कौतुक अवश्य करावे, तिला पोटभर खाद्य द्यावे. पुण्यात १९६२ पासून ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार केलेला आहे, त्याचा लाभ घ्यावा. परंतु त्या कौतुकाचा पडदा त्याच्या अडचणीवर पडू देऊ नये, व अडचण दिसताच बुद्धीवर पाणीही सोडू नये. तज्ज्ञांकडे जाण्यास लाजू नये. शाळा असो वा घर, दोन्ही फलाटांवर मुलाबरोबर चढ-उतार करावयास कोणीतरी हाताशी असावे. आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनी ते बाकावर येऊन उभे राहिले असता थोडे सरकून त्यास जागा द्यावी.